बैठकीत बहुमतानं ठरलं, म्हणून हा बोर्ड मी छापायचा का?

फ्लेक्सवाला_कोल्हापूर

मंडळी, नमस्कार. मी इथला जुना वाचक, लिहितो कमी. आता अडचण आलीय म्हणून धागा काढतोय.

कोल्हापुरात माझं डिजिटल प्रिंटिंगचं दुकान आहे आणि आमच्या पेठेतल्या तालीम मंडळाचा मी खजिनदार. पेठेचं नाव लिहीत नाही. ज्यांना कळेल त्यांनी ते पोटात ठेवावं.

नवरात्रात अंबाबाईला येणारी गर्दी आमच्या गल्लीच्या तोंडावरनं जाते. तिथं बांगड्या, खेळणी, कुंकू, देवीचे फोटो, भेळ असले स्टॉल लागतात. मंडळ त्यांच्याकडनं वर्गणी घेतं, पावती मी फाडतो. बांगड्यावाल्यांत निम्मे मुसलमान, आणि हे आमच्या वडलांच्या काळापासनं आहे. यंदा बैठकीत नव्या पोरांनी विषय काढला की स्टॉल फक्त आपल्या लोकांना द्यायचे आणि गल्लीच्या तोंडावर बोर्ड लावायचा : 'येथे फक्त हिंदू विक्रेते. खरेदी आपल्याच माणसांकडून.' हात वर करा म्हणाले. बहुतेकांनी केले. काही जण मोबाईलमध्ये बघत बसले. मी म्हटलं, जरा दमानं घेऊया, तर एकजण म्हणाला, "खजिनदार, बहुमत झालंय. लोकशाही हाय न्हवं?"

आणि ऑर्डर मलाच. दहा बाय चार, स्टार फ्लेक्स, आयलेट मारून. पैसे मंडळाच्या खात्यातनं, म्हणजे चेकवर सहीसुद्धा माझीच.

आधीच सांगतो, मी काही चळवळीतला माणूस नाही. शुक्रवारी देवीला जातो, चैत्रात जोतिबाला सासनकाठीमागं चालतो, शिवजयंतीला दुकान बंद ठेवून मिरवणुकीत असतो. पण या धंद्यात बसून एक बदल डोळ्यांदेखत बघितलाय. पूर्वी मॅटर यायचं ते 'हार्दिक शुभेच्छा'नं सुरू होऊन 'शुभेच्छुक'वर संपायचं. खाली चाळीस पोरांचे गॉगल घातलेले फोटो. हसायचो आम्ही डिझाइन करताना. आता देव तोच, सण तोच, पण मॅटरमध्ये कुणाला तरी दम दिलेला असतो. शुभेच्छा कुठंतरी कोपऱ्यात बारक्या अक्षरात. ज्याचा सण आहे त्याच्यापेक्षा ज्याचा नाही त्याच्याशीच बोर्ड जास्त बोलायलाय.

७ जून २०२३ ला गावात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. आदल्या दिवशी काही पोरांनी औरंगजेबाचं स्टेटस ठेवलं, दुसऱ्या दिवशी बंद, शिवाजी चौकात जमाव, दगड, लाठीमार, अश्रुधूर आणि नेट बंद. पुढच्या जुलैत विशाळगड. अतिक्रमणाचा वाद गडावरचा, आणि फोडली घरं अन् मशीद खाली गजापुरात. गजापूरच्या माणसानं गडावर काय बांधलं होतं हे अजून मला कुणी सांगितलेलं नाही.

तर दोन प्रश्न. कायद्यानं मी छापायला आणि सही करायला नाही म्हणू शकतो का? आणि दुसरा मोठा : बहुमतानं ठरलं म्हणजे लोकशाही झाली, याला बैठकीत उत्तर काय द्यायचं? 'संविधान' शब्द काढला की पोरं हसतात. 'शाहूंचं कोल्हापूर' म्हटलं तर टाळ्या वाजवतात आणि परत तेच करतात.

---

तांबडा_पांढरा

भावा, मशीन बिघडलंय म्हणून सांग. हेड जाम झालंय, पुण्यावरनं पार्ट यायचाय. नवरात्र निघून जातंय तोवर. विषय संपला.

---

फ्लेक्सवाला_कोल्हापूर

@तांबडा_पांढरा, शेजारच्या मंडळाचा देवीचा बोर्ड त्याच मशीनवर निघणार आहे, तो काय लपणार आहे? आणि चेकबुकाचं हेड कसं जाम करू?

---

काळा_कोट_सांगली

वकिली करते म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ देते. नाही म्हणू शकता, आणि म्हणायलाच हवं. मंडळाचा ठराव तुमचा बचाव होणार नाही.

भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ धर्मावरून वैर वाढवण्याबद्दल आहे, ते तुम्ही ऐकलं असेल (जुनं १५३ अ). त्याच्या पुढचं १९७ कमी लोक वाचतात. एखाद्या समूहाला त्याच्या धर्मामुळे नागरिक म्हणून असलेले हक्क नाकारावेत असं प्रतिपादन करणं, तसा सल्ला देणं किंवा ते प्रसिद्ध करणं हा त्यात गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत शिक्षा. तुमच्या बोर्डाचं मॅटर आणि हे कलम शेजारी ठेवून वाचा. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना सांगितलं आहे की द्वेषपूर्ण भाषणाबाबत कुणी तक्रार दिली नाही तरी पोलिसांनी स्वतःहून गुन्हा नोंदवावा. नोंदवतात का, हा वेगळा विषय.

आता खजिनदारांना न आवडणारी गोष्ट. रस्ता मंडळाचा नाही. रस्त्यावर कोण बसणार हे पथविक्रेता कायदा २०१४ प्रमाणे महापालिका आणि शहर फेरीवाला समिती ठरवते. मंडळाला जागा वाटायचा अधिकार नाही, तर नाकारायचा कुठून आला? आणि ओघानं येतं म्हणून सांगते, तुमची ती 'वर्गणी'सुद्धा तपासून घ्या.

दुसऱ्या प्रश्नासाठी दोन उदाहरणं, दोन्ही आपल्या राज्यातली. सप्टेंबर २०२४ मध्ये करवीर तालुक्यातल्या शिंगणापूर ग्रामपंचायतीचा ठराव बाहेर आला : नव्या मुस्लिम मतदारांची नावं यादीत घेऊ नयेत. बोभाटा झाल्यावर सारवासारव करावी लागली. मतदार यादी निवडणूक आयोगाची. नाव घालायला सहा नंबरचा फॉर्म, हरकतीला सात नंबरचा. ग्रामपंचायतीचा त्यात काडीचा संबंध नाही. मग फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मढीच्या ग्रामसभेनं कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना बंदी घालणारा ठराव केला. तो गटविकास अधिकाऱ्यांनी रद्द केला.

दोन्हीकडे हात वर झाले होते. दोन्हीकडे प्रोसिडिंग बुक होतं. पण लोकांनी मिळून काय ठरवायचं याला कुंपण असतं, आणि 'कोण माणूस मोजायचा' हा प्रश्न कुंपणाबाहेरचा आहे. आज ज्याला यादीतून काढलं तो उद्याच्या बैठकीत हात वर करायला नसतो, मग तिथलं बहुमत आपोआप वाढत जातं. पोरांना एवढंच विचारा : पुढच्या बैठकीत तुझंच नाव काढायचा ठराव आला आणि बहुमत झालं, तर?

---

मावळा_करवीर

सगळे एका सुरात बोलताहेत म्हणून लिहितो. बोर्डाचं म्हणाल तर पटत नाही, पण पोरं रागात का आहेत हे कुणी विचारणार आहे का?

शिवराज्याभिषेकाच्या दिवशी औरंगजेबाचं स्टेटस ठेवणारे आकाशातून पडले नव्हते. कोल्हापुरात संभाजी महाराजांना हालहाल करून मारणाऱ्याचं कौतुक आणि आम्ही गप्प बसायचं? काश्मिरातून पंडित गेले तेव्हा कुठं होतं संविधान? शाहबानोला कोर्टानं पोटगी दिली आणि १९८६ मध्ये मौलवींच्या दबावाखाली सरकारनं कायदाच बदलला, ती लोकशाही होती? बांगलादेशात २०२४ च्या ऑगस्टमध्ये हिंदूंची घरं जाळली. तेव्हा हे असले धागे निघत नाहीत. हिंदूनं स्वतःच्या सणात स्वतःच्या माणसाला धंदा दिला की लगेच राष्ट्र धोक्यात.

---

फ्लेक्सवाला_कोल्हापूर

@मावळा_करवीर, तुझ्या यादीतलं मी काहीच नाकारत नाही. शाहबानोचं तर शंभर टक्के पटतं. एका म्हातारीच्या पोटगीपेक्षा धर्माचे ठेकेदार सरकारला जड वाटले. पण बघ, तूच उदाहरण दिलंस की धर्माच्या नावावर एक गठ्ठा मानला की त्या गठ्ठ्यातल्या गरिबाचा हक्क आधी जातो. मग तोच खेळ आपण आपल्यात का आणायचा?

स्टेटस ज्यानं ठेवलं त्याला पोलिसांनी उचलावं, माझी हरकत नाही. आमच्या गल्लीत बांगड्या विकणाऱ्या बाईकडं साधा बटणाचा फोन आहे, तिचं स्टेटस कोणतं?

आणि 'स्वतःच्या माणसाला धंदा' म्हणशील तर तो बोर्ड आपल्यालाच जास्त बांधतोय. आज मुसलमानाकडनं घेणाऱ्या बाईला 'तू कसली हिंदू' म्हणतील. बैठकीत मी नुसतं 'दमानं घ्या' म्हटलं तर मागनं आवाज आला, "खजिनदाराचं रक्त तपासा." चैत्रात माझ्या पुढं सासनकाठी धरणारं पोरगं ते. मला भीती त्याची वाटली.

२०१५ च्या फेब्रुवारीत पानसरे अण्णा सकाळी बायकोबरोबर फिरून येत होते, घराजवळ गोळ्या घातल्या. चार दिवसांनी गेले. त्यांचं सगळं मला पटायचं असं नाही, पण टोलच्या आंदोलनात आमची अख्खी पेठ त्यांच्यामागं होती. निषेधाचे फलक मी छापले, पैसे घेतले नाहीत. तेव्हा ते फलक धरून उभे राहिलेल्यांतलेच काही जण परवा मोबाईलमध्ये बघत बसले होते. माणसं बदलली असं मला वाटत नाही. बोललं की काय होतं याचा हिशोब प्रत्येकानं मनात घालून ठेवलाय.

---

निवृत्त_मास्तर_गडहिंग्लज

इतिहास शिकवला आयुष्यभर, त्यामुळे थोडं लांबण लागेल. सोसून घ्या.

धर्माच्या नावावर राष्ट्र उभं केलं की पुढं काय होतं याचा प्रयोग आपल्या शेजारी होऊन गेलेला आहे. पाकिस्तानचा पहिला कायदामंत्री दलित हिंदू होता, जोगेंद्रनाथ मंडल. घटना समितीच्या पहिल्या बैठकीचं अध्यक्षपदही त्यांच्याकडंच होतं. पहिला परराष्ट्रमंत्री अहमदी पंथाचा, जफरुल्ला खान. मार्च १९४९ मध्ये 'उद्दिष्टांचा ठराव' आला, सार्वभौमत्व अल्लाचं. घटना समितीतले हिंदू सभासद विरोधात बोलले, ठराव बहुमतानं पास झाला. पुढच्याच वर्षी मंडल राजीनामा देऊन भारतात आले. तिथं विषय संपायला हवा होता, कारण 'परके' बाजूला झाले होते. पण नाही. १९५३ मध्ये लाहोरात अहमदींविरुद्ध दंगल झाली, मार्शल लॉ लावावा लागला. चौकशीला न्या. मुनीर बसले. त्यांनी एकेका उलेमाला विचारलं, मुसलमान कोणाला म्हणायचं? १९५४ च्या अहवालात त्यांनी लिहून ठेवलंय की कुठल्याच दोघांचं उत्तर जुळलं नाही. तरी १९७४ मध्ये संसदेनं घटनादुरुस्ती करून अहमदींना मुसलमान नाही असं ठरवलंच. २०११ मध्ये पंजाबच्या गव्हर्नरांना, सलमान तासीर यांना, त्यांच्याच अंगरक्षकानं मारलं. का, तर ईशनिंदेच्या कायद्यावर ते बोलले. मारेकऱ्याला कोर्टात आणलं तेव्हा वकिलांनी त्याच्यावर फुलं उधळली. वकिलांनी!

हे मुसलमानांचंच असतं असं कुणी म्हणेल म्हणून श्रीलंका. बंडारनायके १९५६ मध्ये सिंहलींच्या आणि बौद्ध भिक्खूंच्या जोरावर निवडून आले, 'फक्त सिंहली' भाषेचा कायदा केला. तमिळांशी जरा जुळवून घ्यायला गेले तर भिक्खू घरासमोर धरणं धरून बसले आणि करार फाडावा लागला. १९५९ मध्ये त्यांना एका बौद्ध भिक्खूनंच गोळ्या घातल्या.

मुद्दा एवढाच : 'खरा आपला कोण' ही परीक्षा एकदा सुरू केली की ती थांबवायचा अधिकार सुरू करणाऱ्याकडं राहत नाही. आणि आपल्या करवीरला हे बाहेरून शिकायची गरजच नाही. वेदोक्त प्रकरण काय होतं? राज्य ज्याचं, त्या शाहू महाराजांनाच पुरोहितानं सांगितलं की तुम्ही शूद्र, तुम्हाला वेदातले नाहीत, पुराणोक्त मंत्र. छत्रपती असून परीक्षेत नापास. महाराजांनी त्यावर काय केलं? १९०२ च्या जुलैत पन्नास टक्के जागा राखल्या, आणि शहरात जैन, लिंगायत, मराठा, मुस्लिम अशी एकेक बोर्डिंगं उभी केली. दसरा चौकात उभं राहून पाट्या वाचा. प्रत्येक समाजाला घर दिलं, पण दरबारात नोकरी देताना 'आमचाच हवा' म्हटलं नाही.

अवांतर : पोरं 'शाहूंचं कोल्हापूर'वर टाळ्या वाजवतात म्हणालात. कारण आपण ते भाषणात वापरून गुळगुळीत केलंय. त्यांना वेदोक्त सांगा. राग येईल त्यांना, आणि तो योग्य ठिकाणी येईल.

---

मणियारांची_सून_मिरज

खूप वेळ लिहू की नको करत होते.

आमच्या घरात बांगड्यांचा धंदा आहे, सासरे पंढरपूर, तुळजापूर, कोल्हापूर सगळ्या यात्रा करतात. नवरात्रात सवाष्णीच्या हातात चुडा भरताना ते आधी देवीचं नाव घेतात, कुणी शिकवलेलं नाही. पण हे मी कौतुकासाठी सांगत नाही.

दादा, तुम्ही भले माणूस दिसता, म्हणून एक विनंती. बैठकीत भाईचाऱ्याचं भाषण करू नका. तालमीतला मोहरमचा पंजा आणि गणपती एका मांडवात, कुरुंदवाडच्या मशिदीत गणपती, हे फोटो दरवर्षी फिरतात. छान वाटतं, खोटं नाही. पण मग आम्हाला जागा मिळते ती आम्ही चांगले मुसलमान आहोत म्हणून. देवीचं नाव न घेणारा, रागीट, तोंडाळ बांगडीवाला असला तर त्याला जागा नाही का? तुमच्या भेळवाल्याला कुणी विचारतं का, तू किती चांगला हिंदू?

आम्हाला पावती द्या. बाकी सगळ्यांना देता तशीच, तेवढ्याच पैशांची. नंबर लागला तर बसू, नाही लागला तर पुढच्या गल्लीत जाऊ.

---

फ्लेक्सवाला_कोल्हापूर

ताई, मी बैठकीत नेमकं २०१८-१९ चंच सांगणार होतो, मोहरम आणि गणपती एकत्र आले होते तेव्हाचं. मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवलेत. ते ठेवून देतो. पावतीवर बोलतो.

---

घाटावरचा_म्हातारा

वय ब्याऐंशी, टायपिंग नातवाचं.

महात्माजींना ३० जानेवारी १९४८ ला मारलं. मारणारा धर्मराष्ट्रवाला आणि जातीनं ब्राह्मण. पुढच्या दिवसांत कोल्हापूर, सांगली, सातारा भागात ब्राह्मणांची घरं पेटली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जाळला. आमचं घर एका खेड्यात होतं, किराणा आणि थोडी सावकारी. आमचा आणि त्या खुन्याचा संबंध जातीपुरता. वडील तर काँग्रेसची टोपी घालायचे. जमाव 'गांधीजी की जय' म्हणत आला.

मी लहान होतो, आई सांगायची ते सांगतो. घराला आग लावायच्या आधी त्यांनी माजघरातून उधारीच्या वह्या बाहेर काढल्या. त्या पहिल्यांदा जाळल्या, अंगणात, नीट पसरून. घर नंतर. वडिलांना जमावातले चेहरे ओळखू आले, आणि कुणाची किती बाकी होती तेही तोंडपाठ होतं. नंतर ते गाव सोडून पुण्याला आले, आणि मेलेल्याबद्दल बोलावं तसं त्या गावाबद्दल बोलायचे, चांगलंच बोलायचे.

तुमच्या गल्लीचं मला काही माहीत नाही. पण खजिनदार आहात तर हिशोबानंच बघा. मुसलमानांचे स्टॉल उठले तर त्या जागा कुणाला मिळणार आहेत? नावं काढा.

---

मावळा_करवीर

आजोबा, नमस्कार. हे माहीत नव्हतं. ४८ चं आमच्याकडं कुणी बोलत नाही.

माझा राग आहे तिथंच आहे, पण बोर्डावर मी नाही.

---

फ्लेक्सवाला_कोल्हापूर

काल परत बैठक झाली. काय झालं ते सांगून ठेवतो.

मी भाषण केलं नाही. प्रोसिडिंग बुक पुढं ठेवलं आणि म्हटलं, ठराव लिहून घेऊ. सूचक कोण, अनुमोदक कोण, पूर्ण नाव आणि सही. खाली एक ओळ मी घालणार : 'सदर बोर्डाबाबत कलम १९७ प्रमाणे कारवाई झाल्यास जबाबदारी सूचक व अनुमोदक यांची राहील.' वकीलताई, भाषा चुकली असेल, पण काम झालं. ज्यांनी हात वर केले होते त्यांतला एकही पेन घ्यायला पुढं येईना. एकजण म्हणाला, "तोंडी ठरलंय की, लिहायला कशाला पाहिजे?"

मग आजोबांचा प्रश्न. जागा कुणाला द्यायच्या, यादी द्या म्हटलं. यादी तयारच होती! पाच जागा, त्यातल्या तीन विषय काढणाऱ्याच्या मेव्हण्याला आणि त्याच्या भागीदाराला. भागीदार पेठेतलाच काय, गावातलाही नाही. हे ऐकल्यावर मोबाईलमध्ये बघणाऱ्यांनी मान वर केली. आमच्या भेळवाल्याला कळलं की त्याचीही जागा त्यात गेलीय, आणि तो काही मुसलमान नाही. तिथनं पुढं जो दंगा झाला तो धर्माचा नव्हता.

वेदोक्तही सांगितलं, मास्तर. दोन पोरांनी ऐकलं. एकानं विचारलं, मग महाराज हिंदूच राहिले का? म्हटलं राहिले, अंबाबाईचे भक्त राहिले. त्याच्या डोक्यात ते बसेना, देव सोडला नाही आणि पुरोहिताचं ऐकलं नाही, दोन्ही कसं.

ठराव तहकूब. रद्द झालेला नाही. 'रक्त तपासा'वाला माझ्याशी बोलत नाही. आणि बोर्ड आलाय म्हणे, दुसरीकडनं कुणीतरी स्वतःच्या खिशातनं छापून आणलाय, तालमीत गुंडाळून ठेवलाय. लावला तर मला काय करता येईल ते बघायचंय. पोलिसांत मी जावं का अध्यक्षांनी, हा एक घोळ, कारण अध्यक्ष निवडणुकीला उभे राहणार आहेत आणि कुठल्याच बाजूला सही करणार नाहीत.

@काळा_कोट_सांगली, स्टॉलचं मात्र आता पालिकेतनंच करायचं ठरवलंय. मंडळानं वर्गणी घेणं बंद केलं तर डेकोरेशनला खड्डा पडतोय, त्यावरनं माझ्यावर वेगळी बोलणी बसणार आहेत. तर अर्ज फेरीवाला समितीकडं करायचा की वॉर्ड ऑफिसला, आणि तो स्टॉलवाल्यांनी एकेकट्यानं करायचा की सगळ्यांचा मिळून एक चालतोय?